घोकणे म्हणजे वाचणे नव्हे!

वर्गात मास्तर फर्मावतात, "वाच!" पोरगा उभा राहतो आणि पान खडाखडा म्हणून दाखवतो. मास्तर खूष, तपासनीस खूष, आईबापही खूष! पण पुस्तक मिटून "काय वाचलेस रे बाळ?" एवढे विचारून पाहा. पोरगा आढ्याकडे पाहू लागतो. हे वाचन की वाचनाचे सोंग, असा आमचा रोकडा सवाल आहे.

हे सोंगच होय; आणि त्याचे खापर पोराच्या माथी फोडणे हा निव्वळ कांगावा होय. वाचताना मनाने काय करायचे असते, हे त्याला कोणी कधी सांगितले आहे काय? १९८६ साली गफ व टनमर या संशोधकांनी वाचनाचे साधे गणित मांडले : अक्षरे उलगडण्याची शक्ती गुणिले भाषा समजण्याची शक्ती. बेरीज नव्हे, गुणाकार! एक बाजू शून्य, तर उत्तरही शून्य.

पहिली बाजू क्षुल्लक नाही. 'कि' मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, जिभेवर मागून येते. 'अर्क' मधला रफार 'क'च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार त्याचाच आधी. हे उकलून न दाखविता नुसती बाराखडी घोकून घेणारे आणि "अंदाजाने वाच" म्हणणारे, दोघेही सारखेच अपराधी! दुसऱ्या बाजूची तर कोणी वास्तपुस्तही करीत नाही. जी भाषा मुलाच्या कानावर कधी पडली नाही, तिच्यातला धडा त्याच्या हाती देणे म्हणजे शून्याने गुणणे. सीमाभागातील आईबापांना हे वेगळे सांगावयास नको. २०२२ सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. याची लाज कोणाला वाटावी?

उपाय आहे. १९८४ साली पालिंक्सार व ब्राऊन यांनी, अक्षरे नीट वाचणाऱ्या पण अर्थाशी अडखळणाऱ्या सातवीच्या मुलांना चार कामे शिकविली : सारांश सांगणे, प्रश्न काढणे, अडलेले सोडविणे, पुढचे भाकीत करणे. आधी शिक्षकाने स्वतः करून दाखविले, मग सूत्रे हळूहळू मुलांच्या हाती दिली. मुलांचे आकलन सुधारले. याला ना इमारत लागते, ना अनुदान; लागते ती शिकविण्याची दानत!

आईबापहो, आज रात्री पोराला धडा म्हणावयास लावू नका. धड्यात काय आहे ते विचारा. उत्तर आले नाही तर त्याच्यावर हात उगारू नका. उद्या शाळेची पायरी चढा आणि जाब मागा!