पिवळे पान आणि फवारणीची घाई

मेथी, कोथिंबीर वा पुदिन्याचे वाफे पिवळे पडू लागले की शेतकऱ्याचा हात प्रथम फवारणी पंपाकडे वळतो. मावा, तुडतुडे किंवा पांढरी माशी असणार, असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त जमिनींत मात्र या पिवळेपणाचे कारण अनेकदा लोहाची कमतरता हे असते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असाच हा प्रकार होय.

या गोंधळाला शब्दही हातभार लावतात. द्राक्षावरील बुरशीजन्य रोग ‘केवडा’ आणि लोहाअभावी उसाची पाने पिवळी पडली, तर तोही ‘केवडा’च. नाव एक असले तरी उपाय एक नाही.

लोह हरितद्रव्याचा घटक नसले तरी त्याच्या निर्मितीस ते अपरिहार्य आहे. जमिनीत लोह विपुल असते; परंतु सामू ८ च्या आसपास गेला व मुक्त चुना वाढला की ते पिकास उपलब्ध होत नाही. अतिरिक्त पाण्याने ही अडचण वाढते. जुन्या पानांतील लोह नव्या पानांकडे सहज वाहून जात नाही. त्यामुळे कोवळी पाने प्रथम पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात आणि वाढ खुंटते. याउलट नत्राची उणीव खालच्या पानांपासून दिसू लागते. रसशोषक किडी असतील, तर पानांच्या मागील बाजूस त्या स्वतः, त्यांची कात वा चिकट स्राव आढळतो.

शंका असल्यास ०.५ टक्के हिराकशीचे द्रावण मोजक्या पानांना लावावे. काही दिवसांत ती हिरवी झाली, तर निदान पक्के समजावे. मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सायंकाळी फवारणी करावी. माती परीक्षणात उपलब्ध लोह प्रतिकिलो ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास शेणखतात मुरवलेली हिराकस जमिनीतून द्यावी.

शेतकरी थांबत नाही, अशी विस्तार कार्यकर्त्यांची अडचण असते आणि ती खोटी नाही. तथापि भिंगाखाली दहा पाने पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. अनावश्यक कीटकनाशकाने ढालकिडे व क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात आणि पुढे खरा मावा आला की त्यास आवर घालणारे कोणी उरत नाही. शिवाय कोथिंबीर व पुदिना कच्चे खाल्ले जातात. फवारणी व काढणी यांत फारसे दिवस नसतात. म्हणून कीड प्रत्यक्ष दिसल्याखेरीज कीटकनाशकाची शिफारस करू नये, हा नियम प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने स्वतःवर घालून घेणे अगत्याचे आहे.