किल्ली वहीत ठेवू नये

तिजोरीची किल्ली रोजकीर्दीच्या पानांत खोवून ती वही चारचौघांत फिरविणाऱ्या मुनिमास कोणतीही पेढी ठेवून घेणार नाही. संकेतस्थळे घडविताना मात्र हेच सर्रास घडते. परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्या प्रोग्रॅममध्येच लिहिल्या जातात. २०१६ साली उबर कंपनीच्या खासगी गिटहब भांडारात हल्लेखोरांना अशीच किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख ग्राहक व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. कंपनीने हे जगास सांगितले २०१७ च्या नोव्हेंबरात!

गिटमध्ये जुनी नोंद टिकून राहते. आज ओळ खोडली तरी कालची किल्ली वाचता येते. म्हणून फुटलेली किल्ली खोडून भागत नाही, ती रद्द करून नवीच घ्यावी लागते. गुपिते प्रोग्रॅमबाहेर निराळ्या फाइलीत असावीत, ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नये, ग्राहकांची कागदपत्रे खुल्या फोल्डरात ठेवू नयेत आणि प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा.

व्यापारी बंधूंनी संकेतस्थळाचा मोबदला ठरविताना 'किल्ली कोठे ठेवता?' हे अवश्य विचारावे. ग्राहकाची माहिती ही आपली मालमत्ता नव्हे; ती विश्वासाने सोपविलेली ठेव होय.