मागच्या सीटवर बसताना

परवा शेजारच्या वहिनींचा पदर मोटारसायकलच्या चाकात गेला. गाडी नुकतीच सुटली होती, म्हणून खरचटण्यावर निभावलं. मैत्रिणींनो, पदर खोचायचा तो गाडीवर बसण्याआधी, बसल्यावर नव्हे! ओढणी असेल तर कमरेशी घट्ट गाठ मारा. मागच्या चाकावरचं साडीगार्ड १९८९ च्या केंद्रीय नियमांतच आलं आहे. दिसायला बरं नाही म्हणून ‘हे’ काढायला निघाले, तर मुळीच काढू देऊ नका. सलवार-कमीज असेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसावं, तोल चांगला राहतो. सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत! आणि हेल्मेट? कायद्याने मागे बसणारीलाही हवंच. अंबाडा आड येतो, मान्य. मग त्या दिवशी खाली सैल वेणी घालावी.