पहिली खरी व्हिस्की

मास्तरने व्हिस्कीवर लिहावे का? लिहितो बापडा.

नोकरीत असताना वर्षाकाठी एकदोनदा, खिडक्या लावून, सोडा ओतून जी घेतली ती व्हिस्की नव्हतीच. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त बाटल्यांत मुख्यतः उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. साठी उलटल्यावर भाच्याने स्कॉटलंडच्या आयला बेटावरची (नावच आहे हो, शिवी नव्हे) १० वर्षे मुरलेली लाफ्रोइग आणली. सौ. म्हणाली, "दवाखान्याचा वास येतोय." मला मात्र पावसाळ्यात ओल्या लाकडांनी धुमसणारी आईची चूल आठवली. तिथे मोड आलेले जव पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, धुरावर वाळवतात. चमचाभर पाणी घातले. एक पेग तासभर पुरला. तेव्हापासून जडलेली आवड आजही आहे.

माझे मत एवढेच, की मळीच्या दारूवर 'व्हिस्की' छापू देऊ नये. युरोपात देत नाहीत.

चांगली प्यायली की माणूस बेताने पितो, असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातली दोन हुशार मुले दारूने गेली. त्यांनाही पहिला घोट आवडलाच असेल.