पुन्हा कधी येणार?

जानेवारी संपत आला. वसईच्या गावांत काही घरांवर नाताळचे कंदील अजून लटकतायत, गव्हाणीचे देखावे मात्र माळ्यावर गेले. तिकडे कॉलेजांची श्रमसंस्कार शिबिरंही आटोपली. सात दिवस गावात राहिलो, बंधारा घातला, पथनाट्य केलं, शेवटच्या रात्री शेकोटीभोवती रडलो आणि सोमवारी परत लेक्चरला येऊन बसलो. एनएसएसच्या डायरीत तास चढले. दोन वर्षांत २४० भरायचे असतात. किती उरले, याचा हिशेब ग्रुपवर चालू आहे.

या हिशेबाला नाकं मुरडायचं कारण नाही. तासांच्या निमित्ताने का होईना, आपल्यातले कितीतरी जण पहिल्यांदा दुसऱ्याच्या अडचणीच्या घरात पाऊल टाकतात. प्रश्न वेगळाच आहे. आपण ज्यांच्याकडे जातो, त्यांच्याकडे आपल्या येण्याची काय नोंद राहते?

मला हा प्रश्न पडला नालासोपाऱ्याच्या एका चाळीत. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. वर्गातून वर्गणी काढून आम्ही किट बनवले होते : पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, एक ब्लँकेट आणि नाताळ जवळ आला म्हणून केक. वसईची एक मैत्रीण सोबत होती. एका आजींच्या खोलीत गेलो. एकट्याच राहतात. किट ठेवायला कोपऱ्यात गेलो तर तिथे तांदळाच्या तीन पिशव्या आधीच रांगेत उभ्या होत्या. प्लास्टिकमधून न काढलेली चार ब्लँकेटं. केकचे दोन डबे, एकाला मुंग्या लागलेल्या. आमच्या आधी तीन-चार ग्रुप येऊन गेले होते. आम्ही तरी काय करणार, किट ठेवला, फोटो काढला. निघताना आजींनी विचारलं, ‘‘पुन्हा कधी येणार?’’ आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, ‘‘येऊ की!’’ पुढचे चार महिने मी काही तिकडे फिरकलो नाही.

मैत्रीण गेली. पुढच्याच रविवारी. कारण तिने एक गोष्ट पाहिली होती, जी आमच्या कॅमेऱ्यात आली नव्हती. तीन पिशव्या तांदूळ होते, पण शेगडी थंड होती. सिलिंडर संपून दहा दिवस झाले होते आणि बुकिंगला दिलेला नंबर कधीच बंद पडलेल्या सिमवर होता. आजी शेजारणीकडून चहा आणून त्यात बिस्किटं बुडवून खात होत्या. चार ग्रुपांनी घर धान्याने भरलं आणि ते शिजवायचं कसं, हे एकानेही विचारलं नाही. त्यात आम्हीही आलो.

ही मैत्रीण तिच्या धर्मग्रामात काम करते. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीच्या कुटुंबांचा समूह, इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात. (वसईतली जुनी माणसं चर्चला आजही ‘देऊळ’ म्हणतात, हे ऐकून मी उडालोच होतो.) बऱ्याच धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं एक छोटं युनिट असतं. त्याला ते ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नाव भारदस्त, प्रत्यक्षात दहा-बारा माणसं : निवृत्त काका, शिक्षिका, वाडीवाले आणि मधूनच एखादी आपल्यासारखी कॉलेजची पोर. ती मधूनच असते, हेच दुखणं आहे. कारण ही सोसायटी सुरू केली होती कॉलेजच्या पोरांनीच.

साल १८३३, शहर पॅरिस. आदल्या वर्षी कॉलऱ्याने शहर झोडपून काढलेलं. फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी मित्रांबरोबर वादविवाद मंडळ चालवायचा. धर्म, इतिहास, तत्त्वज्ञान, सगळ्यावर कडाडून चर्चा. एकदा विरोधी बाजूच्या मुलांनी सरळ विचारलं : तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केलं, मान्य, पण आज या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही काय करताय? उत्तर नव्हतं. २३ एप्रिलला सहा विद्यार्थी आणि एमान्युएल बायी नावाचे एक वयाने मोठे संपादक एकत्र बसले. त्या दिवशी ओझानामला वीस वर्षं पूर्ण झाली. वीस! आपल्याकडे एस.वाय.-टी.वाय.चं वय.

या पोरांना गरिबी माहीत नव्हती आणि आपल्याला माहीत नाही, एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून ते रोझाली रेंदू या सिस्टरकडे गेले. ही बाई मुफ्तार या पॅरिसच्या कंगाल वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होती. तिने त्यांना कुटुंबं दाखवून दिली, पाव आणि कोळशासाठी द्यायच्या चिठ्ठ्या दिल्या आणि घरात शिरल्यावर बोलायचं कसं, ऐकायचं कसं, हेही शिकवलं. आपल्या शिबिरांत नेमका हाच तास नसतो.

सोसायटीने ज्यांचं नाव घेतलं त्या व्हिन्सेंट डी पॉल यांची गोष्ट तर आमच्या किटची गोष्ट आहे, फक्त चारशे वर्षं जुनी. १६१७ मध्ये ते फ्रान्समधल्या शातियों या गावात धर्मगुरू होते. एका रविवारी कळलं, गावाबाहेर एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय, बघायला कुणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी रस्त्यावर बायकांची रीघ लागली, प्रत्येकीच्या हातात खायला काहीतरी. व्हिन्सेंट यांना आनंद झाला आणि लगेच चिंताही वाटली. आज इतकं आलंय की अर्धं नासेल, आणि परवा हे लोक पुन्हा उपाशी. मग त्यांनी त्या बायकांची मंडळी बांधली आणि पाळ्या लावल्या. लेखी नियमही केले. आजाऱ्याशी हसून बोला, ताट नीट मांडा, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. त्यातला एक नियम मी वाचला तेव्हापासून डोक्यातून जात नाही : ज्यांच्या घरी सोबतीला कुणी आहे, त्यांच्याकडे आधी जा, एकट्या माणसाकडे सगळ्यात शेवटी जा, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येईल.

चार शतकांपूर्वी कुणीतरी बसून हा विचार केला होता. आम्ही वेळापत्रक करताना फक्त लोकल बघतो.

कॉन्फरन्सची रीत अजूनही साधीच आहे. ठरलेल्या दिवशी जमायचं, प्रार्थना करायची, एक पिशवी फिरवायची. कुणी किती टाकले ते कुणी बघत नाही. मग एकेका कुटुंबाबद्दल बोलायचं आणि दोघादोघांनी भेटीला जायचं. कुणाकडे जातो, ते बाहेर सांगायचं नाही. फोटो तर नाहीच. पिशवीत पैसे फार जमत नाहीत. पण त्याच घरी, तीच दोन माणसं पुन्हा पुन्हा गेली की ब्लँकेटच्या पलीकडचं दिसायला लागतं.

आजींच्या बाबतीत काय काय दिसलं बघा. सिम बदललं, गॅस आला. मग कळलं, रेशन कार्डाचं ई-केवायसी राहिलंय. बोटांचे ठसे उमटत नव्हते, तीन खेपा झाल्या. मग कळलं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्जच कधी केलेला नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेत आधार जोडणं. यातलं एकही काम डिसेंबरच्या एका दुपारी होणारं नव्हतं. आणि यातलं प्रत्येक काम आपल्या पिढीला मोबाइलवर डोळे मिटून येतं! सत्तरीच्या काकांना सरकारी पोर्टलचा ओटीपी येईपर्यंत पेज एक्स्पायर होतं. तिथे एक विद्यार्थी लागतो, बस.

आता दोन शंका. पहिली दबक्या आवाजात येते : चर्चचं काम म्हणजे मागे धर्मांतर असणार ना? विचारायला हरकत नाही, मीही मैत्रिणीला विचारलं होतं. सोसायटीच्या नियमात जात-धर्म न बघता मदत करायची, असं आहे. नियम कागदावर असतात म्हणा, म्हणून पाहिलेलं सांगतो. आजींच्या भिंतीवर स्वामी समर्थांचा फोटो आहे. काकांनी एकदा त्याची निखळलेली काच बसवून आणली. एवढाच काय तो धर्माचा विषय निघाला. मदतीच्या बदल्यात काहीही वसूल करणं वाईटच, मग तो धर्म असो, मत असो की इन्स्टावरचे लाइक. या यादीतल्या शेवटच्या गोष्टीसाठी मी दोषी आहे.

दुसरी शंका कट्ट्यावरच्या वाचणाऱ्या मित्रांची : ही सगळी मलमपट्टी. पेन्शन वेळेत मिळाली, व्यवस्था सुधारली, तर असल्या भेटींची गरजच काय? मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. पण ओझानामला जाब विचारणारी मुलंही हेच म्हणत होती, सगळा समाज नव्याने मांडायची स्वप्नं बघत होती. तो पुढे सोर्बोनमध्ये प्राध्यापक झाला, कामगारांना रास्त मजुरी मिळायला हवी यावर बोलला, १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी वर्तमानपत्रातून लिहिलं. घरभेटी मात्र सोडल्या नाहीत. चाळिसाव्या वर्षी गेला बिचारा. निराधार योजनेचा पैसा कुठे अडतो, हे मला आधी भाषण देण्यापुरतंही माहीत नव्हतं. तहसील कार्यालयाच्या बाकावर आजींच्या शेजारी दोन तास बसल्यावर कळलं. व्यवस्थेवर बोलायचंच असेल तर त्या बाकापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

जाता जाता एक सूचना कॉलेजांना. तास मोजताच आहात, तर सात घरांना एकेकदा दिलेली भेट आणि एकाच घराला सात वेळा दिलेली भेट यांना वेगळे गुण द्या. फोटो जोडायची अट काढा. आणि हे काम फक्त चर्चमध्येच होतं असंही नाही. जवळचा गुरुद्वारा, मशिदीची कमिटी, गणपती मंडळ, कुणीही चालेल. शोधताना एवढंच विचारा, की तुम्ही त्याच घरी परत जाता का?

मी सध्या महिन्यातून दोन रविवार जातो, काकांबरोबर. मैत्रिणीला नोकरी लागली, तिची पाळी माझ्याकडे आली. मार्चमध्ये परीक्षा आहे, म्हणून गेल्या रविवारी आजींना सांगून टाकलं की दोन खेपा मला जमणार नाही, माझ्याऐवजी एफ.वाय.चा एक मुलगा येईल. त्यांनी त्याचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘त्याला सांग, जिन्यातला दिवा गेलाय. बॅटरी घेऊन ये म्हणावं.’’