वर्दी उतरल्यावर कॉलेज कोणते?

पोरगं सैन्यात भरती झालं की गावात पेढे वाटले जातात. सुट्टीवर आलं की पारावर त्याच्याभोवती गर्दी होते. पण नोकरी संपवून ते कायमचं घरी आलं की चार-आठ दिवसांत गावाचा उत्साह ओसरतो आणि घरात एकच प्रश्न उरतो, आता पुढे काय? साताऱ्यातील आपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूरकडील सैनिक टाकळी या गावांची नावेच सैन्यावरून पडली. तिथे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र आता त्याचे रूप बदलले आहे आणि तो लहान-मोठ्या सगळ्याच गावांच्या दारात येणार आहे.

पूर्वी जवान पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून, पेन्शन घेऊन पस्तिशी-चाळिशीत परतत असे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना कायम घेतले जाते. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी जी पहिली तुकडी दाखल झाली, तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. म्हणजे बावीस ते सत्तावीस वर्षांचे, अंगात शिस्त असलेले, पण बहुतेक करून दहावी-बारावीवर थांबलेले तरुण घरी येणार. योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हातात येणार तो सेवा निधी, व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये.

शेतकरी बंधूंनो, या रकमेवर डोळा ठेवून बसलेले पुष्कळ आहेत. कुणी ट्रॅक्टर सुचवील, कुणी लग्न उरकून घ्या म्हणेल. आणि कुणी चकचकीत माहितीपत्रक घेऊन येईल, 'मुलगा फौजी आहे ना, आमच्या कॉलेजात थेट प्रवेश, हजेरीची चिंता नको.' सावध राहायचे ते इथेच. ज्या कॉलेजात हजेरीची चिंता नाही, तिथे शिकण्याचीही चिंता नसते.

कॉलेज निवडताना पहिली गोष्ट बघा ती मुलाच्या खात्यावर आधीच किती शिक्षण जमा आहे. तिन्ही दलांसाठी इग्नूने पदवीचे खास अभ्यासक्रम आखले आहेत. त्यांत निम्मे श्रेयांक नोकरीतील प्रशिक्षणाचे धरतात आणि निम्मे अभ्यास करून मिळवायचे असतात. पहिल्या वर्षाचा अभ्यास झाला तर प्रमाणपत्र, दुसऱ्याचा झाला तर पदविका, तीन वर्षांचा पुरा झाला तर पदवी. दहावी पास मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीची सोय आहे. तेव्हा मुलगा घरी आला की त्याला आधी विचारा, नाव नोंदवले होते का? किती विषय सुटले? गुणपत्रके कुठे आहेत?

हे श्रेयांक दूध संघाच्या पासबुकासारखे समजा. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांची बँकच केली आहे. खाते काढले की जमा श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येतात. पण दुसऱ्या डेअरीने तुमचे दूध घेतलेच पाहिजे असे नाही, तसेच इथेही आहे. नवे कॉलेज किती श्रेयांक धरणार आणि कोणत्या वर्षात बसवणार, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका.

दुसरी गोष्ट, शाखा. घरची शेती आहे म्हणून कृषी पदवी घ्यावी असे अनेकांच्या मनात असते. इच्छा चांगली आहे. पण राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांकडील पदवीला बारावी विज्ञान आणि सीईटी लागते, शिवाय चार वर्षे जातात. बारावी कला झालेल्या मुलाने तो हट्ट धरण्यापेक्षा शेती करता करता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून पदवी पुरी करावी. स्पर्धा परीक्षेलाही ती चालते. ज्याने सैन्यात वाहने, वायरलेस, यंत्रे हाताळली, त्याने आयटीआय वा तंत्रनिकेतनाची वाट जरूर बघावी.

तिसरी गोष्ट जुन्या, पंधरा वर्षे केलेल्या माजी सैनिकांसाठी. त्यांना पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळते. ते केंद्राच्या ठरावीक क गटाच्या नोकऱ्यांसाठी आहे. ती पदवी नव्हे. त्याच्या आधारे एम.ए. किंवा कायद्याला प्रवेश मिळेल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तसेच पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे, खुद्द सैनिकासाठी नाही.

अमेरिकेने १९४४ साली कायदा करून युद्धावरून परतलेल्या सैनिकांची कॉलेजची फी सरकारी तिजोरीतून भरली. सुमारे बावीस लाख सैनिक त्यामुळे कॉलेजात गेले. आपल्याकडे अग्निवीराला फी आपल्याच निधीतून भरायची आहे. राज्य सरकारने निदान सरकारी कॉलेजांत तरी या मुलांची फी माफ करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. पण ती मान्य होईपर्यंत मुलांना थांबता येणार नाही.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. गावातील कोणते मूल कधी परतणार याची यादी आजच करा. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमिलेअर यांचे दाखले प्रवेशाच्या गर्दीत जून-जुलैत मागत बसण्याऐवजी आधीच तयार ठेवा. जात वैधतेला तर महिनोन्‌महिने लागतात. मुलगा सीमेवर असतानाही बाप अर्ज करू शकतो, त्याला वाट दाखवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा गावातर्फे जाऊन या.

चार वर्षे देशाची राखण केलेल्या मुलाला कागदासाठी हेलपाटे घालावे लागले, तर ते गावाला शोभणार नाही. सत्कार जरूर करा, पण हाराच्या पैशात एखाद्याची परीक्षा फी भरता आली तर तो सत्कार अधिक टिकेल.