दुधांतील औषधाचा अंश व त्याची तपासणी

गाईस दगडी झाली म्हणजे कासेंत प्रतिजैविकाची नळी सोडावयाची, सूज उतरली कीं तें दूध डेअरीच्या कॅनमध्यें ओतावयाचें, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे कीं त्यांत कांहीं गैर आहे असें कोणास वाटेनासें झालें आहे. दूध किती दिवस विकूं नये ही मुदत औषधाच्या वेष्टणावर छापलेली असते. परंतु ती वाचतो कोण? केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या सन २०१८ च्या पाहणींत ६,४३२ नमुन्यांपैकीं ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर आढळला. हें प्रमाण थोडें म्हणणारे खुशाल म्हणोत. एका कॅनपायीं सबंध टँकर परत आला म्हणजे प्रामाणिक शेतकऱ्यांचेंही दूध त्याबरोबर जातें. उकळल्यानें दोष जातो ही समजूतही खरी नव्हे. असल्या दुधास विरजण नीट लागत नाहीं, आणि रोगजंतु औषधास सरावतात ही हानि त्याहून मोठी.

आतां हा अंश शोधावयाचा कसा ? पेनिसिलीनची मर्यादा लिटरास ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटर दुधांत एखाद्या मोहरीच्या दाण्याइतकें वजन. शिवाय दुधांतील स्निग्धांश व प्रथिनें यंत्रास अडथळा करतात. म्हणून नमुना प्रथम शोषक पदार्थावरून नेतात ; औषध त्यास चिकटतें, मग थोड्या द्रावकानें तें सोडवून यंत्रास देतात. तयार शोषकनळ्या महाग असून बहुधा एकदां वापरून टाकाव्या लागतात. यासाठीं रसायनशास्त्रज्ञ उसाचें चिपाड व भाताचें तूस यांचा कोळसा, कोळंबीच्या टरफलांतून निघणारें कायटोसान, साधी माती, असे पदार्थ योजून पाहत आहेत. पाण्याच्या तपासणीसही तेच उपयोगी. हैदराबादेजवळील पाटणचेरू येथें औषधी कारखान्यांच्या शुद्ध केलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या सांडपाण्यांत लिटरास ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन असल्याचें सन २००७ मध्यें प्रसिद्ध झालें, हें विसरतां येत नाहीं.

आपल्या चिपाडास असा मान मिळतो याचा आम्हांस आनंद आहे. पण हुरळून जाऊं नये. प्रत्येक शेताचें चिपाड सारखें नसतें, कोळसाही सारखा उतरत नाहीं, आणि शोषकानें धरलेलें सगळेंच परत सुटतें असें नाहीं. मोजणारें यंत्र तर महागच राहतें. तेव्हां संकलन केंद्रावर जंतुनळीची सोपी चांचणी पुरे : सुमारें तीन तास ऊब दिल्यावर जांभळा रंग पिवळा झाला तर दूध ठीक, जांभळाच राहिला तर संशय. संशयित नमुने तेवढे प्रयोगशाळेकडे धाडावे.

खरा प्रश्न पैशाचा आहे. दोन गाईंवर ज्याचा संसार, त्यास चार दिवसांचें दूध ओतून देण्यास सांगणें सोपें. त्याचा आठवड्याचा बाजार कोण करणार? आमचा जन्म दप्तर संभाळण्यांत गेला. जी नोंद केल्यानें पदरीं नुकसानच येतें ती कोणी खरी करीत नाहीं, हें आम्ही पुष्कळ पाहिलें आहे. म्हणून जो सभासद औषध दिल्याची वर्दी त्याच दिवशीं देईल, त्यास मुदतींतील दुधाची निम्मी किंमत संस्थेनें द्यावी, व जो लपवील त्याचेकडून परत आलेल्या टँकरची भरपाई घ्यावी. येत्या सर्वसाधारण सभेंत असा ठराव यावा, अशी आमची सूचना आहे.